पिवळी, जांभळी की पारदर्शक? नेमबाजीचा चष्मा निवडताना आधी काय बघायचं?

३० जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी भारताला ब्राँझ मिळवून दिलं. पण सोशल मीडियावर त्या दिवशी सगळ्यात जास्त फिरला तो याच प्रकारात रौप्य जिंकणारा तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा नेमबाज, युसूफ डिकेच. अंगात साधा टी-शर्ट, एक हात खिशात आणि डोळ्यांवर रोजचा चष्मा.

त्याच्या फोटोशेजारी लोकांनी दक्षिण कोरियाच्या किम येजीचा फोटो लावला. तिच्या एका डोळ्यासमोर सायन्स फिक्शन सिनेमात शोभेल असं भिंग, दुसऱ्या डोळ्यासमोर झडप. 'एवढं सामान घेऊनही रौप्य, आणि हा काका काहीच न घेता रौप्य', असे मीम्स सगळ्यांनी पाहिले.

या मीम्समुळे एक गैरसमज मात्र पसरला. नेमबाजीचा चष्मा म्हणजे एकतर स्टाईल, नाहीतर नेम सुधारणारं यंत्र, असं अनेकांना वाटू लागलं. ऑनलाईन 'शूटिंग ग्लासेस' शोधलं की पिवळ्या, नारिंगी, जांभळ्या काचांची रांग लागते. कुठली घ्यायची, हा प्रश्न रंगावरच अडकतो.

खरं तर रंग हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ही काच फुटेल का?

किम येजीच्या डोळ्यांवर नेमकं होतं काय?

आधी हे कोडं सोडवू. किमच्या चष्म्यावरचं ते यंत्र म्हणजे आयरिस, कॅमेऱ्याच्या अ‍ॅपर्चरसारखं लहान-मोठं होणारं छिद्र. छिद्र लहान केलं की जवळची पिस्तुलाची साईट आणि लांबचं लक्ष्य, दोन्ही त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतात. दुसऱ्या डोळ्यासमोरची झडप म्हणजे ब्लाइंडर. नेम न धरणारा डोळा मिटून ठेवला की चेहऱ्याचे स्नायू थकतात. त्याऐवजी डोळा उघडा ठेवून त्याच्यासमोर आड धरलं जातं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार हे आड ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो, म्हणून त्याला याची गरज वाटत नाही.

म्हणजे किमचा चष्मा बघण्यासाठी होता, वाचवण्यासाठी नव्हता. त्याच्या बाजू उघड्या असतात, खाली-वर मोकळी जागा असते. १० मीटर एअर पिस्तूलच्या रेंजवर लक्ष्यामागे छर्रे अडकवणारी पेटी असते, त्यामुळे तिथे धोका तुलनेने कमी असतो. तरीही महासंघाच्या नियमपुस्तकात सगळ्या नेमबाजांना न फुटणाऱ्या काचेचा चष्मा वापरण्याचं आवाहन केलेलं आहे. सक्ती नाही, आवाहन आहे. त्यामुळे व्हायरल फोटो पाहून 'ऑलिम्पिकवाले वापरत नाहीत, मग आपण कशाला' असं म्हणणं महागात पडू शकतं. ऑलिम्पिकची रेंज आणि आपल्या गच्चीवरची भिंत यांत खूप फरक आहे.

डोळ्याला धोका कशाकशाचा?

पहिला धोका उलटून येणाऱ्या छऱ्याचा. एअर रायफलचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो आणि सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. मऊ शिसं कठीण पृष्ठभागावर चेपतं, पण त्याचे तुकडे मागे उडू शकतात. स्टीलचे गोल छर्रे तर चेंडूसारखे टप्पा घेऊन परत येतात. घराच्या गच्चीवर प्लायवूड किंवा पत्रा लावून सराव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल आठवा. मागे लाकडी फळी, समोर लोकांची गर्दी, बंदूकधारी शेजारी उभं लहान पोर. चष्मा कुणाच्याच डोळ्यावर नसतो. छर्रा परत येताना मात्र बंदूक कुणाच्या हातात आहे हे बघून येत नाही. म्हणून चष्मा नेमबाजाइतकाच शेजारी उभ्या असलेल्यालाही हवा.

दुसरा धोका रिकाम्या पुंगळ्यांचा. २५ मीटर पिस्तूलमध्ये गोळी सुटल्यावर गरम पुंगळी बाजूला फेकली जाते. ती कपाळ आणि चष्मा यांच्या फटीत अडकली तर डोळ्याशेजारची कातडी भाजते. आणि दचकून हात हलला, तर हातात भरलेलं पिस्तूल आहे हे विसरू नका.

तिसरा धोका शॉटगनच्या खेळाचा. ट्रॅप आणि स्कीटमध्ये हवेत उडणारी क्ले, म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची ठिसूळ तबकडी फोडायची असते. तिचे तुकडे सगळीकडे उडतात. स्कीटमध्ये तबकडी काही वेळा नेमबाजाच्या दिशेने येत असताना फोडली जाते, तेव्हा तुकडे त्याच्याच अंगावर येतात.

चौथा धोका क्वचित घडणारा, पण सगळ्यात गंभीर. काडतूस सदोष असेल तर त्याची पुंगळी मागच्या बाजूने फाटते आणि गरम वायू, दारूचे कण थेट चेहऱ्याकडे येतात.

आधी काच: कशाची आहे आणि शिक्का कुठला?

नेमबाजीसाठी काच पॉलिकार्बोनेटची किंवा ट्रायवेक्सची हवी. हे दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार आहेत. जोराचा मार बसला तर ते वाकतात, ओरखडतात, फार तर तडकतात, पण सहसा तुकडे होऊन डोळ्यात जात नाहीत. ट्रायवेक्समधून कडेच्या भागातही थोडं अधिक स्वच्छ दिसतं, पण ते महाग पडतं. रोजच्या चष्म्यात असणारं साधं प्लास्टिक आणि खरी काच मात्र इथे उपयोगाची नाही. फुटली, तर काचच डोळ्यातला छर्रा होते.

'अनब्रेकेबल' असं पाकिटावर लिहिलंय, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. काडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात मानकाचा शिक्का शोधा. मुख्य शिक्के हे:

• झेड८७+ हे अमेरिकी मानक. यातलं अधिकचं चिन्ह महत्त्वाचं. त्याचा अर्थ चष्मा जास्त माराच्या चाचणीतून गेला आहे. या चाचणीत ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने काचेवर मारतात. शिवाय ५०० ग्रॅमचं टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून टाकतात. नुसतं झेड८७ असेल तर ही कसोटी झालेली नसते.

• ईएन १६६ हे युरोपीय मानक. त्यापुढचं इंग्रजी अक्षर बघा. 'एफ' म्हणजे ६ मिलिमीटरची पोलादी गोळी ४५ मीटर प्रति सेकंद वेगाने मारून केलेली चाचणी. 'एस' असेल तर चाचणी त्याहून बरीच सौम्य असते.

• एमआयएल-पीआरएफ-३२४३२ हे अमेरिकी लष्कराचं मानक. यातला वेग सेकंदाला १९५ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे कसोटी बरीच कडक.

आता थोडं गणित करू. एअर रायफलमधून सुटलेल्या छऱ्याची ऊर्जा साधारण ७ ज्यूल भरते. झेड८७+ किंवा 'एफ' चाचणीतल्या गोळीची ऊर्जा १ ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे हा चष्मा उलटून आलेल्या, वेग गमावलेल्या छऱ्यासाठी आणि तुकड्यांसाठी आहे. समोरून थेट आलेल्या गोळीसाठी नाही. चांगला चष्मा घातला म्हणून रेंजवरचा एकही नियम सैल होत नाही.

रंगीत काच नेमकं काय करते?

इथे एक वाक्य पाठ करून ठेवा. काच प्रकाश वाढवू शकत नाही, फक्त कमी करू शकते. कुठल्या रंगाचा प्रकाश कमी करायचा, एवढीच निवड आपल्या हातात असते.

पिवळ्या काचेतून बघितलं की सगळं उजळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात डोळ्यात शिरणारा प्रकाश कमी झालेला असतो. होतं असं, की पिवळी काच निळा प्रकाश अडवते. निळा प्रकाश हवेतल्या धुरकटपणात जास्त विखुरतो, शिवाय आपला डोळा निळ्या आणि लाल रंगांना एकाच जागी नीट फोकस करत नाही. निळा कमी झाला की कडा ठळक वाटतात. ढगाळ दिवशी याचा उपयोग होतो. अंधारात मात्र होत नाही, कारण तिथे मुळात प्रकाशच अपुरा असतो.

दुसरं तत्त्व विरोधी रंगांचं. लक्ष्याचा रंग काचेतून जाऊ द्यायचा आणि मागच्या पार्श्वभूमीचा रंग दाबायचा. नारिंगी क्ले हिरव्या झाडीसमोरून उडत असेल, तर जांभळी काच हिरवा दाबते आणि नारिंगी तबकडी उठून दिसते. तीच जांभळी काच १० मीटरच्या बंदिस्त हॉलमध्ये काही कामाची नाही, कारण तिथे पांढऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ बघायचं असतं. हिरवं काही नसतंच.

मग कुठे कुठला रंग?

• पारदर्शक: बंदिस्त रेंज, संध्याकाळ, कमी उजेड. १० मीटरचे सगळे प्रकार. एकच चष्मा घेणार असाल तर हाच घ्या.

• फिकट पिवळी: ढगाळ हवा, धुकट सकाळ, पावसाळी दुपार. काळं-पांढरं लक्ष्य. कडक उन्हात त्रास देते.

• नारिंगी: ढगाळ ते मध्यम ऊन. क्लेच्या मागे निळं किंवा राखाडी आकाश असेल तर अनेकांना आवडते.

• गुलाबी, लालसर: नारिंगी क्लेसाठी, मध्यम उजेडात, मागे झाडी किंवा डोंगर असताना.

• जांभळी: मागे दाट हिरवं आणि समोर नारिंगी क्ले. याखेरीज तिचा फारसा उपयोग नाही.

• तपकिरी: चांगलं ऊन. चकाकी कमी करते आणि रंगांतला फरकही बऱ्यापैकी राखते.

• करडी: रणरणतं ऊन. सगळे रंग सारखेच कमी करते, त्यामुळे रंग खरे दिसतात, पण लक्ष्य वेगळं उठून दिसत नाही.

हा तक्ता सुरुवात म्हणून वापरा, नियम म्हणून नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी जाणवतो, त्यांना जांभळ्या किंवा लालसर काचेतून लक्ष्य आणखी फिकटही दिसू शकतं. रेंजवरच्या मित्राचा चष्मा पाच मिनिटं मागून घ्या, त्याच उजेडात, त्याच पार्श्वभूमीवर बघा आणि मगच पैसे खर्च करा.

रायफलवाल्यांसाठी एक वेगळी सोय आहे. त्यांच्या बंदुकीच्या मागच्या साईटमध्येच रंगीत फिल्टर बसवता येतात. त्यामुळे चष्मा पारदर्शक ठेवून साईटमध्ये रंग बदलता येतो.

गडद काच का नको?

हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. काच जितकी गडद, तितकी डोळ्याची बाहुली मोठी होते. बाहुली मोठी झाली की फोकसची खोली कमी होते. किम येजीच्या आयरिसने जे साधलं जातं, त्याच्या बरोबर उलट.

पिस्तूल नेमबाजाला हाताच्या अंतरावरची फ्रंट साईट धारदार हवी असते आणि लांबचं लक्ष्य निदान ओळखू येण्याइतकं. ५० मीटर रायफलमध्ये, ज्या प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिम्पिक ब्राँझ जिंकलं, दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. १० मीटर एअर रायफलमध्ये तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. इथे फोकसची खोली वाया घालवणं परवडत नाही. म्हणून साधा नियम असा: डोळे न मिचकावता बघता येईल इतपतच गडद काच घ्या, त्याहून एक पायरी जास्त नको.

गडदपणा कसा मोजायचा? गॉगलवर ० ते ४ असा वर्ग लिहिलेला असतो. ० वर्गाची काच ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत सोडते, १ वर्गाची ४३ ते ८० टक्के, २ वर्गाची १८ ते ४३ टक्के, ३ वर्गाची ८ ते १८ टक्के आणि ४ वर्गाची ३ ते ८ टक्के. उन्हाळ्यात फिरायला घेतलेला गॉगल बहुतेक ३ वर्गाचा असतो. बंदिस्त रेंजवर ० वर्ग पुरे. बाहेर १ किंवा २ वर्गात बहुतेकांचं भागतं. ४ वर्गाची काच हिमाच्छादित डोंगरांसाठी असते, ती घालून गाडीसुद्धा चालवू नये.

पोलराइज्ड, फोटोक्रोमिक, 'नाईट व्हिजन'चं काय?

पोलराइज्ड: पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी कमी करायला उत्तम. पण इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असलेल्या रेंजवर नेमबाजाला आपला गुण शेजारच्या स्क्रीनवर बघावा लागतो आणि पोलराइज्ड काचेतून काही स्क्रीन काळ्या पडतात. शिवाय पोलराइज्ड असण्याचा काचेच्या मजबुतीशी काहीही संबंध नाही.

फोटोक्रोमिक: उन्हात गडद आणि सावलीत फिकट होणारी काच. ती अतिनील किरणांवर चालते. रेंजवर नेमबाज छपराखाली उभा असतो आणि लक्ष्य उन्हात तळपत असतं. काचेला वाटतं सावली आहे, म्हणून ती हवी तेवढी गडद होत नाही. क्लेसाठी उघड्यावर उभं राहायचं असेल तर चालू शकते.

'एचडी', 'नाईट व्हिजन': बाजारात आणि ऑनलाईन स्वस्तात मिळणारे पिवळे चष्मे. नाव काहीही असो, ती पिवळी काच आहे आणि रात्री ती प्रकाश कमीच करते. त्यावर माराच्या चाचणीचा शिक्का नसेल तर रेंजवर ती नकोच.

यूव्ही संरक्षण: पॉलिकार्बोनेट स्वतःच जवळपास सगळे अतिनील किरण अडवतं, अगदी पारदर्शक असलं तरी. म्हणजे गडद रंग असला तरच डोळ्यांचं उन्हापासून रक्षण होतं, हाही गैरसमजच. उलट यूव्ही न अडवणारी स्वस्त गडद काच बाहुली मोठी करते आणि किरणांना आत जायला जास्त वाट देते.

नंबरचा चष्मा असेल तर?

रोजचा चष्मा संरक्षणासाठी पुरेसा नाही आणि कॉन्टॅक्ट लेन्स तर अजिबात नाही. मग तीन पर्याय उरतात. पहिला आणि स्वस्त, आपल्या चष्म्यावरून घालता येईल असा मोठा सेफ्टी चष्मा. दुसरा, संरक्षक चष्म्याच्या आत नंबरच्या काचांची वेगळी पट्टी बसवणं. तिसरा, नंबर घालूनच बनवलेला मानकाचा संरक्षक चष्मा.

पिस्तूल खेळत असाल तर डोळे तपासणाऱ्याला नेमकं सांगा, की मला हात लांब केल्यावर साईट जिथे असते, त्या अंतरावर स्पष्ट दिसायला हवं. चाळिशी लागलेल्यांनी तर नक्कीच. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच इथे अडचण करते, कारण साईट बघायला मान वर करावी लागते आणि उभं राहण्याची ढबच बिघडते.

बसतो कसा, तेही बघा

सगळे शिक्के बरोबर आहेत, पण चष्मा नाकावरून घसरतोय, तर उपयोग शून्य. काच भुवईजवळ आणि गालाजवळ बसली पाहिजे, बाजूला वळलेली हवी. कपाळाकडे एका बोटाची फट असेल तर गरम पुंगळी नेमकी तिथूनच आत जाते. म्हणून अनेक जण पुढे छज्जा असलेली टोपीही घालतात. कानांवर इअरमफ घालत असाल तर चष्म्याच्या काड्या पातळ हव्यात, नाहीतर मफची गादी उचलली जाते आणि कानाचं संरक्षण कमी होतं. दुकानातच बंदूक धरल्यासारखी मान ठेवून बघा. रायफल गालाला लावताना आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. तिथेच फ्रेमची कड येत असेल तर तो चष्मा तुमच्यासाठी नाही.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने काचेवर वाफ धरणं हीच मोठी डोकेदुखी असते. अँटी-फॉग लेप असलेली काच घ्या. ती टी-शर्टने खसाखसा पुसू नका, लेप निघून जातो. आधी पाण्याने धूळ धुवा, मग मऊ फडक्याने टिपा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि अमोनियाचा काच-क्लीनर पॉलिकार्बोनेटला खराब करतात. खोल ओरखडा पडला किंवा एकदा जोराचा मार बसला, की वरून ठीक दिसला तरी तो चष्मा बदला.

खरेदीआधी थोडक्यात

१. शिक्का आहे का? झेड८७+ किंवा ईएन १६६ 'एफ'. नसेल तर रंग कितीही आवडला तरी सोडा.
२. काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायवेक्सची आहे का?
३. भुवई, गाल, कडा झाकल्या जातात का?
४. कुठे खेळणार? आत असाल तर पारदर्शक. बाहेर असाल तर उजेड, लक्ष्य आणि पार्श्वभूमी बघून रंग.
५. दोन रंगांत गोंधळ होत असेल तर फिकट घ्या.
६. वेगवेगळ्या रेंजवर जात असाल तर काचा बदलता येणारी फ्रेम, पण प्रत्येक काचेवर शिक्का आहे ना ते बघून.

मानकाचा शिक्का असलेला साधा पारदर्शक चष्मा कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. सुरुवातीला तोच घ्या आणि सोबत आणखी एक घ्या, शेजारी उभं राहून तुमचा नेम बघणाऱ्यासाठी. जांभळ्या-नारिंगी काचांचा विचार नंतर करता येईल. नेम चुकला तर पुढची गोळी असते. डोळ्याच्या बाबतीत तशी सोय नाही.